बारावी नळी

शेषरावकाका काचेच्या तारेचा प्रत्येक जोड मारण्याआधी मोठ्याने विचारायचे, "नळी चढली?" शेजारच्याने "चढली" म्हटल्याशिवाय ते यंत्राचं झाकण लावत नसत. शेजारी कोण आहे याला महत्त्व नव्हतं. एकदा परतूर रस्त्यावर शेळ्या घेऊन थांबलेल्या एका बाईंना त्यांनी बारा वेळा उत्तर द्यायला लावलं. शेवटी बाई वैतागल्या, "चढली रे बाबा, किती डाव सांगू?"

"एक डाव बी ऱ्हायलं तर मला पुन्हा यावं लागंल, मावशी," काका म्हणाले.

मी तेव्हा जालन्यात टेलिफोन केबलच्या दुरुस्तीवर नवीन कनिष्ठ अभियंता होते आणि काका आमचे जोडारी. केबलमध्ये केसाएवढ्या बारीक काचेच्या बारा तारा. तुटलेली दोन टोकं सोलायची, साफ करायची आणि यंत्रातल्या ठिणगीने वितळवून एक करायची. जोड होतो, पण उघडा राहतो. म्हणून बोटभर लांबीची एक प्लास्टिकची नळी आधीच एका टोकावर ओवून ठेवायची. जोड झाला की ती त्यावर सरकवायची आणि तापवायची. नळी आवळून बसते आणि तिच्यातली पोलादी काडी जोडाला वाकू देत नाही. ओवायला विसरलात तर नंतर घालायला वाट नाही. जोड तोडून पुन्हा सुरुवात.

मला याद्यांची सवय. मी बारा ओळींचा छापील तक्ता केला होता: सोलली, पुसली, नळी, जोड, तापवली. काकांनी तो उलटसुलट पाहिला. "यादी चांगली हाय म्याडम. पण यादीला डोळे न्हाईत."

ते भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे. घरची शेती भावाकडे होती, पण मातीची जाण काकांच्या हातात राहिली होती. तयार जोड ज्यात बंद करून जमिनीत पुरतात ती पेटी ते कधी थेट मातीवर ठेवू देत नसत. खाली वाळू, बाजूला विटा, वर पुन्हा वाळू. "काळी माती उन्हाळ्यात तोंड उघडती, पावसाळ्यात मिटती. मधी आपलं काम सापडलं तर चावून टाकती." त्यांनी केलेली पेटी पुन्हा उघडायची वेळ आलेली मी पाहिली नव्हती. तीस वर्षांत एकही लेखी खुलासा द्यावा लागला नाही, हे ते चहा पितानासुद्धा सांगत. "कोरं सर्व्हिस बुक घेऊन घरी जाणार."

निवृत्तीला तीन आठवडे राहिले असताना परतूरजवळ खोदकामाच्या यंत्राने केबल ओढून तोडली. मे महिना, दुपारचे बारा. एका बाजूची केबल इतकी ताणली गेली होती की तिचं टोक यंत्रापर्यंत जेमतेम पोचत होतं. आमचे साहेब जीपपाशी उभे राहून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. अकरा जोड झाले. बाराव्या वेळी काकांनी विचारलं, "नळी चढली?"

मी तक्ता पुरा करत होते. शेवटच्या ओळीतल्या सगळ्या खुणा मी आधीच करून टाकल्या होत्या. मान वर न करता म्हणाले, "चढली."

ठिणगी पडली. काकांचा हात नळी सरकवायला डावीकडे गेला आणि तिथेच थांबला. तार मोकळी होती. त्याच क्षणी परतूरहून वायरलेसवर निरोप आला, लाइन आली.

"आली ना? मग टेप गुंडाळा आणि पेटी बंद करा," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब. नळी ऱ्हायली. तोडून राह्यलो."

"चालू लाइन तोडता? आणि टोक पुरलं नाही तर? नवी केबल टाकण्यात दिवस जाईल. लेखी खुलासा मागीन, सांगून ठेवतो."

काका क्षणभर माझ्या तक्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जोड तोडला.

टोक यंत्रापासून चार बोटं कमी पडलं. काका खड्ड्यात मांडी घालून बसले, पेटी मांडीवर घेतली आणि यंत्र तिला चिकटवून धरायला मला सांगितलं. मी यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं. "श्वास सोडा म्याडम, धरून ठेवू नका." त्यांनी पुन्हा विचारलं, "नळी चढली?" या वेळी मी वाकून, बोट लावून पाहिली. "चढली."

लाइन पुन्हा आली, तरी खुलासा मागितला गेला. "तांत्रिक कारण लिहू का?" मी विचारलं.

"जे झालं ते लिव्हा. मी इचारलं पण सोता बघितलं न्हाई, तुम्ही न बघता सांगितलं. दोघांचं बराबर झालं."

मी तसंच लिहिलं, खाली माझीही सही केली. ताकीद दोघांना मिळाली. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या निष्कलंक सेवेचा उल्लेख केला, तेव्हा काका उभे राहून म्हणाले, "एक हाय साहेब. परतूरचा." आणि बसले.

काही वर्षांनी नवीन जोडणीसाठी तीच पेटी उघडावी लागली. काका वारून तेव्हा वर्ष झालं होतं. बारा नळ्या आपापल्या खाचेत सरळ बसलेल्या. अकरा तारांचे गुंडाळून ठेवलेले जादा वेढे तीन-तीन होते. बारावीचा जेमतेम एक. जोड शाबूत होता.

नवा जोडारी यंत्र लावून बसला. मी विचारलं, "नळी चढली?"

"चढली म्याडम," तो पान्हा शोधत म्हणाला.

"बघून सांगा," मी म्हणाले, आणि तो बघेपर्यंत यंत्राच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले.