सिद्धांताचा रकाना

"सिद्धांत कोणता?" एवढं विचारून बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, की त्या बिचाऱ्याला स्वतःचं नावसुद्धा आठवू नये.

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. तापीला पूर आलाय, प्रकाशा गावच्या घाटाशी माणूस गटांगळ्या खातोय, आणि काठावर उभं राहून हे विचारणार, की याला वाचवायचं ते कोणत्या तत्त्वानुसार? नंदुरबारला आमच्या नर्सिंग कॉलेजात बाई थिअरी शिकवायच्या आणि मी प्रात्यक्षिकं. म्हणजे त्या बोलायच्या, आणि सुई टोचायचं पाप माझ्याकडे.

फळ्यावर त्या चार वर्तुळं काढत. माणूस, परिसर, आरोग्य, शुश्रूषा. मग बाण. बाण इतके, की वाट चुकलेला ट्रकवाला ते बघत बघत थेट सुरतेला पोचला असता. मिरच्या वाळत घातलेल्या पथारीवरून वारा सुटला की अख्खा वर्ग शिंकायचा. बाई खिडकी लावायच्या नाहीत. शिंकणाऱ्याची कोणती गरज अपुरी राहिली, ते आधी वहीत लिहायला लावायच्या. खिडकी शेवटी मी लावायचो.

सहा वर्षांत त्यांनी पेशंटला हात लावलेला मी पाहिला नाही. एकदा वॉर्डात नाडी बघताना दिसल्या. जवळ गेलो, तर स्वतःचीच.

त्यांचं खरं दैवत म्हणजे केअर प्लॅनचा तक्ता. पेशंटची अडचण, त्यावर उपाय आणि शेवटचा रकाना, 'कोणत्या सिद्धांतानुसार'. तिथे सिद्धांत मांडणाऱ्याचं नाव लिहायचं. तो कोरा राहिला तर शून्य. मुली हुशार. मागच्या वर्षीच्या ताईंची फाइल घ्यायची, पेशंटचं नाव बदलायचं, बाकी जसंच्या तसं उतरवायचं. त्यामुळे धानोऱ्याच्या सत्तरीतल्या एका बाबांना, बाळाला अंगावर कसं पाजावं, याचा दोन पानी सल्ला मिळाला. बाईंनी त्याला दहापैकी नऊ दिले. शेवटचा रकाना बरोबर होता ना.

अशा बाईंच्या तावडीत रिना पावरा सापडली. धडगावकडच्या डोंगरातली पोर. घरी पावरी, बाजारात अहिराणी, वर्गात मराठी, पेपरात इंग्रजी. चार भाषांत शहाणी आणि शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास. घरून निरोप आला होता, यंदा नाही जमलं तर सामान घेऊन परत ये.

प्रात्यक्षिक परीक्षेत तिच्या वाट्याला डोंगरातलीच एक म्हातारी आली. चार दिवस ती जेवत नव्हती. आम्ही सगळ्या शहाण्यांनी, त्यात मीही आलो, 'अन्नावर वासना नाही' असं लिहून सलाईन लावून टाकलं होतं. रिना मात्र म्हातारीशी पावरीत काहीतरी बोलली आणि खाटेशेजारी चक्क जमिनीवर जाऊन बसली. तिथे, खाटेच्या आडोशाला, म्हातारीची सून बसून होती. दवाखान्याचं ताट एकच येतं, पेशंटचं. सून उपाशी म्हणून सासू खाईना, आणि सासूचं ताट म्हणून सून शिवेना.

रिनाने वॉर्डातल्या मावशींकडून दुसरं ताट मागवलं. मावशी रनाळ्याच्या, जीभ मिरचीची. ताट आणताना परीक्षकांदेखत म्हणाल्या, "चार दिन व्हयनात म्हतारी उपाशी शे, नि ह्या सर्वा वह्याच लिखी ऱ्हायनात." दोघी सासू-सुना समोरासमोर बसून जेवल्या. म्हातारीने वर आणखी एक भाकरी मागितली.

मग तोंडी परीक्षा. फाइल उघडली. ताटाची हकिगत नीट लिहिलेली, आणि शेवटचा रकाना कोरा. बाहेरून आलेले परीक्षक गालातल्या गालात हसले. बाईंनी विचारायचं ते विचारलंच.

रिना खाली मान घालून म्हणाली, "माहीत नाही, मॅडम. समोरचं माणूस उपाशी असलं की घास उतरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही."

मी मनातल्या मनात पोरीचं सामान धडगावच्या एसटीत चढवूनही टाकलं होतं. तेवढ्यात बाई उठल्या. वॉर्डात गेल्या, म्हातारीच्या खाटेपाशी वाकल्या आणि दोन्ही रिकामी ताटं बघून आल्या. मग पेन काढून त्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'रिना पावरा'.

परीक्षक म्हणाले, हे नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

"पुस्तकात ज्यांची आहेत," बाई म्हणाल्या, "त्यांनीही आधी पेशंटच पाहिला असेल ना, सर?" आणि आपल्या हातातले होते तेवढे सगळे मार्क देऊन मोकळ्या झाल्या.

परीक्षकांनी दात-ओठ खात सही केली आणि जाताना प्राचार्यांकडे तक्रार ठोकली. बाई कंत्राटी होत्या. त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. स्टाफरूममध्ये हळहळ वगैरे काही झाली नाही. खोटं कशाला बोलू, मी तर त्या दिवशी चहा पाजला सगळ्यांना.

महिन्याभराने निकाल लागला. रिना पास झाली आणि पेढे घेऊन आली. बाईंसाठी वेगळा पुडा होता. बाईंचं गाव कोणतं, असं तिने विचारलं. एक मॅडम म्हणाल्या जळगाव, दुसऱ्या म्हणाल्या शहादा, मी सुरत ठोकून दिलं. कार्यालयातल्या कागदांत पत्ता निघाला तो आमच्याच वसतिगृहाचा. सहा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेल्या आम्हा पाच जणांना बाईंचं गाव सांगता येईना.

पुडा तिने बाईंच्या खुर्चीवर ठेवला आणि ती गेली. तीन दिवस कुणी त्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मुंग्या लागल्या, तेव्हा मीच तो उचलून बाहेर टाकला.