बत्तीस बरण्या आणि शेळीचं दूध

दुकान उघडून तासभर झाला असेल. एक गृहस्थ आत आले. माझ्यामागच्या बत्तीस काचेच्या बरण्या त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या आणि अदबीनं विचारलं, "ताई, इथं जवळपास चहा कुठं मिळंल?"

पुण्यात एका चहाच्या कंपनीत मी अकरा वर्षं चहा चाखायचं काम केलं. नवऱ्याला अंबाजोगाईच्या कॉलेजात नोकरी लागली, आम्ही इकडं आलो आणि मी हौसेनं दवाखान्याच्या रस्त्यावर दुकान थाटलं. दार्जिलिंगचा, आसामचा, निलगिरीचा चहा. हिरवा, पांढरा, काळा. कोणती पत्ती किती मिनिटं भिजवायची याचा तक्ता भिंतीवर. दूध नाही, साखर नाही, शेगडीसुद्धा नाही. फक्त विजेची किटली.

लोकांना काय हवं असतं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. चहाच्या दुकानात पातेल्याला उकळी फुटलेली ऐकू यायला हवी, आल्याचा वास रस्त्यापर्यंत जायला हवा, टेबलावर पेपर हवा आणि बसलेल्या माणसाला कुणी ऊठ म्हणायला नको. माझ्याकडं एवढी शांतता, की लोक चपला दाराबाहेर काढून येत. एका मास्तरांनी पेल्यातलं फिकट सोनेरी पाणी पाहिलं, बाहेर जाऊन त्याची खळखळून चूळ भरली आणि परत येऊन म्हणाले, "हं, आता आणा चहा."

त्यात रस्ता दवाखान्याचा. बरण्यांवरून निम्म्या लोकांनी मला वैद्य ठरवलं. गुडघ्याला कोणती, पोटाला कोणती, असं विचारत. एक बाई रक्ताचा रिपोर्टच घेऊन आल्या. मी म्हटलं, "अहो, मी डॉक्टर नाही." त्या माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "मग एवढ्या बरण्या कावून?"



अशात एक दिवस चकलांब्याकडचे एक म्हातारबाबा आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. शेळ्या-मेंढ्या राखण्यात जन्म गेलेला. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेले. लेक अंबाजोगाईजवळच्याच गावात दिलेली, म्हणून हा दवाखाना निवडला होता.

"म्हातारीला दवाखान्यातला च्या गोड लागंना," ते म्हणाले. "तुमच्याकडं झाडपाल्याचं काय तरी हाय म्हनं."

"औषध नाही बाबा, चहाच आहे सगळा."

"ह्यो सगळा च्या?" त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "दावा बरं."

मी एक बरणी उघडली. त्यांनी चिमूटभर पत्ती तळहातावर चोळली, हुंगली, दोन काड्या दाताखाली धरल्या. "ह्यो निबर पाला हाय." दुसरी बरणी. "ह्यो बरा. पर पावसातला हाय, पाणचट." तिसरीत माझा जीव की प्राण होता, दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा चहा. तो चावताना बाबांनी डोळे मिटले. "ह्यो कवळा. पयल्या फुटीचा."

मी थक्क झाले. पावसाळी पत्ती आणि पहिल्या तोडणीची पत्ती वेगळी ओळखायला मला पुण्यात सहा महिने लागले होते, तेही रोज साहेबांची बोलणी खात.

"बाबा, कसं ओळखलंत?"

"चाळीस वर्सं शेळ्या काय खात्यात ते बघतोय की. पयला कोंब दिसला की शेळी दुसऱ्याला तोंड लावीत न्हाई."

माझ्या दुकानाला अखेर दर्दी माणूस भेटला होता. मी पाणी मोजून तापवलं, घड्याळ लावलं, सगळ्यात नाजूक पेला काढला. बाबांनी घोट तोंडात घोळवला. मी श्वास रोखून उभी.

"लई झ्याक," ते म्हणाले. मग पेला माझ्यापुढं सरकवला. "आता दूध घाला."

मी त्यांना समजावलं. दुधानं याचा सुगंध मरतो, हा असाच प्यायचा असतो, वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग लहान पोराला सांगावं तसं म्हणाले, "ताई, शेळीनं एवढा चांगला पाला खाल्ला तर शेवटी त्याचं दूधच व्हतंय न्हवं?"

अकरा वर्षांच्या अनुभवात माझ्यापुढं असा मुद्दा कुणी मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा लेकीकडच्या शेळीचं दूध, गूळ आणि म्हातारीला घेऊनच हजर. दवाखान्यातून नुकतीच सुट्टी झालेली, आजींच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारच्या खानावळीतून मी शेगडी आणि पातेलं मागून आणलं. पहिल्या तोडणीची ती पत्ती शेळीच्या दुधात रटरट उकळताना बघून मी भिंतीवरच्या तक्त्याकडं पाठ केली. माझे पुण्याचे साहेब तिथं असते तर त्यांनाच दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

आजींनी बशीत ओतून फुर्र करून घोट घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"बरा हाय," आजी म्हणाल्या. "पर पाला जरा कमी टाकत जा, बाई. दुधाची चव दबतीया."

बाबांना एवढं हसू फुटलं, की घोंगडी खांद्यावरून घसरली. मग मीही हसले. पट्टीआडून आजी विचारत होत्या, "काय झालं? काय झालं?"

जाताना त्यांनी आसामची कडक पत्ती नेली. ती आजींनी नुसत्या वासावरून पसंत केली. त्यांची एसटी गेल्यावर मी पातेल्यात उरलेला चहा कपात ओतला आणि दाराशी बसून प्याले. चांगला झाला होता. फारच चांगला झाला होता. पुण्याच्या साहेबांचा अधूनमधून फोन येतो, दुकान कसं चाललंय म्हणून चौकशी करतात. शेगडी आता कायमची घेतली आहे, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.