फळ्यावरचे कैलासवासी

मित्रांनो, आज दुपारी नगरच्या कोर्टात एका केससाठी जुन्या फायली चाळत होतो. एक वाचून अंगावर काटा आला, म्हणून लगेच लिहितोय.

फाईल चाळीसच्या दशकातली. दामोदरपंत नावाचे एक शिक्षक ते सभासद असलेल्या एका क्लबच्या निवडणुकीत खोटी मतं पडली असं उघड बोलले. क्लबने सभासदांच्या यादीच्या फळ्यावर त्यांच्या नावामागे 'कैलासवासी' लिहून टाकलं. सभासद रस्त्यात भेटले तरी ओळख देईनात. शेवटी पंतांनी बदनामीचा दावा लावला.

क्लबने पहिल्याच तारखेला अर्ज दिला: मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, दावा सुरुवातीलाच फेटाळावा.

न्यायाधीशांनी क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं, "मग हे समोर उभे आहेत ते कोण?"

"साहेब, मला तिथं कुणीच दिसत नाही."

अर्ज नामंजूर झाला. पहिली फेरी पंत जिंकले म्हणून मी खुशीत पान उलटलं. पुढच्या तारखेला तीनदा पुकारा झाला, पण पंत आलेच नाहीत. शेवटची ओळ एवढीच: वादी गैरहजर, दावा काढून टाकला.

रेकॉर्ड रूममध्ये मी एकटाच होतो. न राहवून त्यांचं नाव मोठ्याने घेतलं.

सगळे मिळून 'नाही' म्हणू लागले, तर जिवंत माणूस किती दिवस 'मी आहे' म्हणू शकेल? तुम्हाला काय वाटतं?