दादूकाकांचं सरकणारं चाक

दादूकाका कोळी पहिल्यांदा सायकल ढकलत माझ्या दुकानात आले तेव्हा मी वैतागलेलाच होतो. तसा मी बहुतेक वेळ वैतागलेलाच असतो. पनवेलमध्ये तीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्याने हसतमुख राहावं, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. लोक हवा भरायला येतात आणि वर ज्ञान देऊन जातात.

"भगवानशेट, मागचं चाक सरकतंय," ते म्हणाले.

खरंच सरकत होतं. उरण नाक्याच्या बाजारातून घेतलेली मासळीची पाटी कॅरिअरवर बांधायची आणि करंजाड्याच्या गिऱ्हाइकांकडे जायला पुलाचा चढ चढायचा. तिथे पायडलवर जोर दिला, की चेन चाकाला एका बाजूने पुढे ओढायची. चाक तिरकं व्हायचं, टायर फ्रेमला घासायचा आणि सायकल जागीच थांबायची. सत्तरीचा माणूस भर रस्त्यात उतरून नट आवळतोय, तोवर बर्फ वितळतोय आणि गिऱ्हाइकांची वेळ टळतेय.

ही गिऱ्हाइकं खरं तर त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोने, भीमाबाईंनी, पंधरा वर्षं डोक्यावर पाटी घेऊन जोडलेली. दीड वर्षापूर्वी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि बाई खाटेला खिळल्या. तेव्हापासून काका पाटी नेत होते. दुपारी ते घरी आले, की बाई एकच विचारायच्या, "आज कोनी माजी याद काढली का?" गिऱ्हाईक बायका विचारायच्याच. मावशी बऱ्या आहेत का, हात हलतो का, कधी येणार. तेवढ्यावर भीमाबाईंचा दिवस जायचा. पण साडेनऊच्या आत पाटी आली नाही, तर याच बायका मोबाइलवर मासळी मागवून मोकळ्या होतात. आणि गिऱ्हाईकच तुटलं, तर चौकशी कोण करणार?

मी नट आवळले. चार दिवसांनी काका परत. नट बदलले, दातेरी वॉशर घातले, म्हटलं आता हत्ती बसवा. आठवड्याने परत. मग चाकाला मागे धरून ठेवणारा बोल्ट बसवला. तोही वाकला.

"सायकल चालवता की कुस्ती खेळता?" मी खेकसलो. काका खाली मान घालून उभे राहिले. स्वतःला जमलं नाही की माणूस दुसऱ्यावर ओरडतो, आणि मी तर त्यात तयारच.

चौथ्या खेपेला चाकच उतरवलं, तर फ्रेमच्या ज्या खाचेत चाकाचा दांडा बसतो, तिथे माझं नख रुतलं. लोखंडात नख कसं रुतेल? रंग होता. निळा, जाड, अजून नीट न वाळलेला.

"हा कोणी लावला?"

"मीच की," काका म्हणाले. "दर नारली पुनवेला लावतो. आन तुमी पाना लावला का टवका उडतो, तवा घरी चाक काढून परत लावतो. आपला वारा खारा हाय. उघडं लोखंड ठेवू नाय."

पुनवेआधी होडी रंगवायची ही कोळ्याची रीत. खाडीत मासळी उरली नाही म्हणून काकांनी होडी विकली, त्याला दहा वर्षं झाली. होडी गेली, रीत राहिली. आता ते सायकल रंगवत, होडीच्याच रंगाने, दांड्या, नट, खाच, काही न सोडता. मग तिच्यापुढे नारळ फोडत. माझे वॉशर लोखंडाला चावतच नव्हते, रंगात रुतत होते. मी जितकं आवळायचो तितका रंग दबायचा आणि नट पुन्हा सैल पडायचा.

मी कानस घेतली. पापुद्रे निघाले. निळा, खाली पिवळा, त्याखाली परत निळा.

"होरीला असं खरवडलं असतं तर पानी शिरलं असतं," काका हळूच म्हणाले.

"ही होडी नाही हो काका!"

त्यांनी मान डोलावली, पण डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून चाक केसभरही हललेलं नाही. काका नऊ वाजताच करंजाड्याला पोचतात. पण या सगळ्यात महिना गेला होता, आणि महिन्याभरात तीन घरं सोडून बाकी साऱ्यांनी दुसरी सोय करून घेतली होती. पहिल्याच दिवशी मी चाक उतरवून बघितलं असतं तर? हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"तुमी तरी काय करनार, शेट," ते म्हणाले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ती तीन घरं आटोपून काका दहालाच माझ्या बाकावर येऊन बसतात. लवकर घरी गेले तर भीमाबाईंना गिऱ्हाइकं तुटल्याचं कळेल. त्या तीन घरांतही आता कोणी काही विचारत नाही. भाव ऐकतात, पिशवी घेतात, दार लावतात. बारा वाजले की काका उठतात आणि घरी जाऊन सांगतात, आज अमकीने तुझी याद काढली.

काल उठता उठता थांबले. "शेट, सगली नावं सांगून झाली. आज कोनाचं सांगू?"

मी पाना पुसून ठेवला. मग म्हटलं, "चंद्रावतीबाईंनी विचारलं म्हणून सांगा."

चंद्रावती माझी बायको. तिने भीमाबाईंना कधी पाहिलेलंही नाही.