दोन भाऊ, दोन गावं आणि मिरियम

भाचीच्या लग्नाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, म्हणून मी सख्ख्या थोरल्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. अक्षत नाही, कुंकू नाही, नुसता एक फोटो आणि त्यात नाचणारा गणपती! साठी उलटलेली बाई मी, पण रुसवा असा की वरमाईने शिकावा. ताई कॅरीला, मी बॉथेलला, मध्ये अख्खी अमेरिका. लग्नाच्या दिवशी पैठणी नेसून घरात बसले, कोणीतरी फोन करून विनवण्या करेल म्हणून. कोण करणार? सगळे पंगतीत होते.

हे आज हसून सांगतेय ते मिरियममुळे. आमची ही ज्यू शेजारीण गेल्या महिन्यात गेली... तिच्या मुलीने सकाळी दार वाजवून सांगितलं. मी पिठलं-भात घेऊन धावले, तर तिथे आधीच चार घरचे डबे. दुःखातल्या घराला शेजाऱ्यांनी जेवू घालायचं, ही रीत त्यांच्यातही आहे.

मिरियम शनिवारी सिनॅगॉगमधून आली की माझ्याकडे चहाला यायची आणि त्या आठवड्यात वाचलेली धर्मग्रंथातली गोष्ट ऐकवायची. एकदा जुळ्या भावांची निघाली. धाकट्याने आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटला आणि पळाला. कितीतरी वर्षांनी परत निघाला, तर थोरला फौज घेऊन सामोरा येतोय असं कळलं. घाबरून त्याने आधी शेळ्यामेंढ्यांचे कळप भेट धाडले.

"म्हणजे मी ताईला शेळ्या पाठवू?" मी म्हटलं.

"तुमच्यात काय पाठवतात?" ती अगदी गंभीरपणे म्हणाली.

मी चकल्यांचं पार्सल केलं. मग लाडवांचं. ताईकडून चकार शब्द नाही. मिरियमकडे रडगाणं गायले.

"अगं, शेळ्यांनी त्याचंही भागलं नाही. शेवटी तो स्वतः पुढे गेला. पाय दुखावला होता, तरी लंगडत गेला."

माझा गुडघा तेव्हा ठणकत होता. पुढे करायला तीच एक सबब होती, तीही गेली.

कॅरीला दार ताईनेच उघडलं. विमानात पाठ केलेली वाक्यं मी पार विसरले. ती म्हणाली, "माले, चकल्या तेलकट होत्या," आणि मला धरून अशी रडली की माझा खांदा भिजला. त्या गोष्टीतला थोरलाही धावत येऊन गळ्यात पडतो म्हणे. पण निघताना ताई हट्टाला पेटली, "आता इथेच राहायला ये. पलीकडचं अपार्टमेंट रिकामं आहे." नाही म्हणावं तर पुन्हा रुसवा, हो म्हणावं तर माझं घर सुटणार... मी "बघू गं" म्हणून परतले.

राहिले मी बॉथेललाच. ताई दोन दिवस फुगली, तिसऱ्या दिवशी फोन. दिवाळीला ती येते, संक्रांतीला मी जाते, चार दिवस झाले की यथेच्छ भांडतो आणि वेळेवर आपापल्या घरी परततो. मिरियम गेल्याचं कळताच ताई विमानाने आली; तिच्या कबरीवर माती लोटायला आम्ही दोघी बहिणी बरोबर उभ्या होतो.

त्या पहिल्या खेपेला कॅरीहून परतले, तेव्हा मिरियमची कॅन्सरची केमो सुरू होती, डोक्याला रुमाल होता. ताईचा हट्ट सांगून मी भीत भीत विचारलं, "मिठी मारल्यावर ते भाऊ एकत्रच राहिले ना गं?"

ती हसली. म्हणाली, "छे! थोरला म्हणाला, चल माझ्याबरोबर. धाकटा म्हणाला, तू हो पुढे, मी आलोच, आणि गेला दुसऱ्याच गावाला. बापाला मूठमाती द्यायला मात्र दोघं एकत्र आले. तेवढं पुरतं. आणि खरं सांगू? मला माझी शेजारीण हवी आहे."