पायरी नसलेली खोली

फोबोर्ग या बंदराच्या गावात लग्न ठरलं की जोडपं आधी चर्चमध्ये तारीख घ्यायला जाई आणि मग बोडिल स्कोव्हकडे. बेकरीला लागून असलेल्या ट्रॅव्हल एजन्सीत ती एकतीस वर्षं टेबलामागे बसली. एजन्सी तिची नव्हती, पण खरा मालक कोण हे गावात दोघा-चौघांनाच ठाऊक होतं.

कुठं जायचंय, हे ती समोरच्यांना आधी विचारतच नसे. "तुमच्यात आधी कोण उठतं?" हा तिचा पहिला प्रश्न. लोक हसत, एकमेकांकडे बघत, आणि त्या बघण्यातूनच तिला निम्मं कळे. एक पहाटे उठणारा आणि दुसरा लोळणारा असेल तर खोलीला बाल्कनी हवीच, म्हणजे झोपलेल्याची झोप मोडत नाही. दोघंही कमी बोलणारी असतील तर खिडकीतून काहीतरी हलतं दिसायला हवं. बंदर, बाजार, नाहीतर निदान चौक. डोंगरातलं एकाकी घर ती फक्त ज्यांचं भांडण लवकर मिटतं अशांनाच देई. मूल गेलेलं एक जोडपं एकदा आलं होतं. त्यांना समुद्र हवा होता. तिनं त्यांना समजावून व्हेरोनाच्या एका गजबजलेल्या गल्लीत पाठवलं. किनाऱ्यावर सगळीकडे पोरंच पोरं असतात, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते तिथं गेल्यावर कळलं असावं, कारण परत आल्यावर ती बाई एजन्सीत येऊन बोडिलचा हात धरून उभी राहिली होती.

बोडिलचा नवरा प्रेबेन गवती छपरं शाकारायचा. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तो कुणाच्या ना कुणाच्या छपरावर शिडीला गुडघे टेकून बोरूच्या पेंढ्या ठोकत असे. थंडी पडली की तो मोकळा, आणि नेमकी तेव्हाच बोडिलची गर्दी सुरू, कारण इथली माणसं उन्हाळ्याचं सगळं जानेवारीतच ठरवून टाकतात. मुलगी दोर्ते लहान असताना तिघं दोनदा प्रेबेनच्या बहिणीकडे राहायला गेली, तेवढंच. दोघंच अशी कुठं गेली नाहीत. त्याचं कुणी फार वाईट वाटून घेतलं असंही नाही. मात्र मदेरा बेटावरच्या एका लहान हॉटेलातली एक खोली बोडिलनं मनाशी राखून ठेवली होती. वरच्या मजल्यावर, खाली थेट समुद्र. ती खोली तिनं कधीच कुणाला दिली नाही. गिऱ्हाइकानं नेमकी तीच मागितली तर, भरली आहे, म्हणून मोकळी होई.

मग लोक घरबसल्या फोनवरच खोल्या घ्यायला लागले आणि एजन्सी बंद झाली. प्रेबेननंही शिड्या आपल्या हाताखाली तयार झालेल्या काय नावाच्या पोराला देऊन टाकल्या. आता जायचं, असं ठरलं. बोडिलनं मदेराला फोन केला. ती खोली मे महिन्यात रिकामी होती.

फेब्रुवारीत प्रेबेनचा खोकला हटेना. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, की जुनी, बुरशी धरलेली छपरं उतरवताना चाळीस वर्षं जी धूळ आत गेली, तिनं फुप्फुसं घट्ट झाली आहेत. ती आता सैल होणार नाहीत. विमान नको, चढ नको.

बोडिलनं मदेरा सोडलं आणि जर्मनीतलं एक गाव काढलं. रेल्वेनं जाता येईल, हॉटेलला लिफ्ट असेल असं. मे उजाडेपर्यंत प्रेबेनला घरापासून फाटकापर्यंत जाताना मध्ये थांबावं लागायला लागलं. तिनं जर्मनी सोडलं आणि उत्तरेला स्कागेन काढलं, गाडीनं जाण्यासारखं. ऑगस्टमध्ये घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकात नळी घालून तो खुर्चीत बसे आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन एकेका हॉटेलला फोन करी. दाराशी पायऱ्या किती? न्हाणीघराचं दार किती रुंद? पलंगाजवळ विजेचं बटण आहे का? हॉस्पिटल किती लांब? पलीकडची मुलगी गोंधळून विचारी, समुद्राकडची खोली हवी का? ते नंतर बघू, म्हणून बोडिल पुढचा प्रश्न विचारी.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी प्रेबेन खुर्चीतून म्हणाला, "बोडिल, तू खोली शोधत नाहीयेस. दवाखाना शोधतेयस."

तिनं पेन आपटलं. मग काय करू, असं ती जरा मोठ्यानंच म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्यावर आवाज फारसा चढवला नव्हता. तो श्वास जमेपर्यंत थांबला.

"लोकांना विचारायचीस तसं मला विचार ना. मी पण गिऱ्हाईकच समज."

ती त्याच्यासमोर येऊन बसली. तिला हसूही येईना. "बरं. आपल्यात आधी कोण उठतं?" तिनं विचारलं, आणि उत्तर तिला माहीतच होतं. थंडीत कॉफी रोज तीच ठेवायची, तो मागाहून यायचा.

"मी," प्रेबेन म्हणाला. "तू उठेपर्यंत डोळे मिटून पडून असतो. स्वयंपाकघरात एकटी असलीस की तू गुणगुणतेस. मी आलो की थांबतेस. म्हणून उशिरा येतो."

बोडिलनं त्याच्या नाकातली नळी उगाच सारखी केली. मग म्हणाली, "आणि जायचं कुठं?"

"पाणी ओलांडून. बोटीतून उतरलं की मला लांब आल्यासारखं वाटतं. मग ते कुठं का असेना."

फोबोर्गच्या धक्क्यावरून ब्योर्नो बेटावर बोट वीस मिनिटांत पोचते. तिथं आस्ता नावाची म्हातारी एकटी राहायची आणि जुन्या तबेल्याची केलेली एक खोली उन्हाळ्यात भाड्यानं द्यायची. दाराला पायरी नाही, उंबरा जमिनीलगत. तिच्या घराचं छप्पर प्रेबेननंच बावीस वर्षांपूर्वी शाकारलं होतं. बोडिलनं तिला सगळे प्रश्न विचारले आणि ऑक्टोबरात शुक्रवार ते सोमवार अशा तीन रात्री ठरवल्या.

शुक्रवारी बोटीवरच्या माणसानं यंत्र स्वतः उचलून आत ठेवलं. खोलीत पाऊल टाकलं आणि बोडिलचा चेहरा उतरला. दोन लाकडी पलंग एकमेकांना चिकटवलेले, आणि एक दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. सगळं विचारलं होतं, पलंगाचं तेवढं विचारायचं राहिलं होतं. आस्ताबाई म्हणाल्या, "आमचे हे उंच होते ना. गुडघे दुखायचे म्हणून त्यांचा तसा करून घेतला." प्रेबेन इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तो शमेपर्यंत दोघी बायका त्याची पाठ चोळत उभ्या राहिल्या. तसाही त्याला आडवं पडून झोप येत नव्हती. तो उंच पलंगावर उशांना टेकून बसला आणि बोडिल खाली त्याच्या हाताशी झोपली.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. अंगणात खुर्च्या मांडून दोघं दिवसभर बसली. प्रेबेननं मान वर करकरून आपलं छप्पर तपासलं. उत्तरेच्या अंगाला शेवाळ धरलं होतं, आढ्यावरचा पेंढा सुटला होता. माझ्या हाताखाली शिकलेल्या कायला फोन करा, हिवाळ्याआधी करून घ्या, असं त्यानं आस्ताबाईंना बजावलं. जेवायला काळ्या पावावर धुरी दिलेली हेरिंग मासळी होती. बऱ्याच दिवसांनी त्यानं अख्खा तुकडा खाल्ला, हे बोडिलनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाण्यापलीकडे फोबोर्गचा पिवळा घंटाघर-मनोरा दिसत होता. त्यामागच्या गल्लीत त्यांचं घर.

"तिथं दोन म्हातारी राहतात," प्रेबेन म्हणाला. "फार कुठं जात नाहीत."

"तुझ्या ओळखीची?"

"बाई आहे थोडी. सकाळी गाते. लाजरी आहे."

बोडिलनं त्याचा हात धरला. नखांपाशी तो थंड होता.

रविवारी सकाळी त्याचे ओठ निळसर दिसले आणि अंगात कणकण होती. बोडिलनं पिशवी भरायला घेतली.

"राहू या," तो म्हणाला. "उद्या तर जायचंच आहे."

"मला भीती वाटते, प्रेबेन."

"मलाही वाटते. बसू दे तिला आपल्याबरोबर."

ओले टॉवेल तसेच घडी करून तिनं पिशवीत घातले आणि बोटवाल्याला फोन केला. प्रेबेननं वाद घातला नाही. बोटीत मात्र तो गावाकडे तोंड करून बसला नाही. बेटाकडे बघत राहिला.

धक्क्यावरून त्याला थेट हॉस्पिटलात नेलं. कुठं होतात हो तुम्ही, असं नर्सनं विचारलं तेव्हा, बायकोबरोबर परदेशी गेलो होतो, असं त्यानं सांगितलं. बाराव्या दिवशी दुपारी तो गेला. बोडिल आणि दोर्ते जवळ होत्या.

अंत्यविधीला चर्च भरून गेलं होतं. त्यातली निम्मी माणसं बोडिलनं कधीतरी कुठं ना कुठं पाठवलेली. कॉफी घेताना एकेक जोडपं येऊन तिला आपापली खोली सांगे, ती बाल्कनी, तो चौक. ती मान हलवी. सगळ्या खोल्या तिला आठवत होत्या.

नोव्हेंबरअखेर ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. विचारायचं एकच होतं. रविवारी आम्ही तिथंच राहिलो असतो, तर?

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "बोडिल, हे मनातून काढून टाका. काहीच फरक पडला नसता. एक दिवस आधी आलात म्हणून ते जास्त जगले नाहीत, आणि राहिला असतात तरी लवकर गेले नसते."

त्यांनी ते धीर द्यायलाच सांगितलं होतं. बोडिलनं आभार मानले, कोटाची बटणं लावली आणि बसथांब्यावर येऊन बसली. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

म्हणजे राहता आलं असतं, तो रविवार मोकळाच होता. आस्ताबाई नासपतींचा केक करणार होत्या. तो खाल्ला असता. जरा ऊन आलं असतं तर परत अंगणात बसलो असतो. बाकी काही नाही. दुसरी बस यायला चाळीस मिनिटं होती, आणि ती तेवढा वेळ तिथं बसून तो दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावकाश मनातल्या मनात घालवत राहिली.