मीटरमागची केबल

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. सांगायचं ठरवलं की आधी हसूच येतं. मग तुम्हाला वाटेल, असं काय मोठं असणार?

माझे सासरे, नाना. दीपनगरच्या वीजकेंद्रात मशीन सांभाळण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावात एका सराफाच्या शेडमध्ये सडत पडलेली दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि जुने मित्र हमीदभाई मेकॅनिक यांच्या मदतीने ती पुन्हा रस्त्यावर आणली. तिच्यासाठी एक वही केली. दर दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं, ब्रेक बघायचे, पट्टा ताणून पाहायचा — बिघडायची वाट बघायची नाही. स्टीअरिंगला मात्र नानांशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. पोटच्या मुलाचा नाही, तर सुनेला कोण विचारतो?

मीही विचारलं नाही. नाना जेवून एक ते तीन कूलरच्या घरघरीत झोपायचे. आमचं घर गावाबाहेरच्या प्लॉटवर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरच्या मागे हात घातला की एक केबल लागते. तिची चकती फिरवून ती सोडवली की गाडी कितीही पळवा, आकडे जागचे हलत नाहीत. हे मी हमीदभाईंचं काम बघत बघत शिकले होते. तोंडाला स्कार्फ बांधायचा — उन्हात जळगावातली प्रत्येक बाई बांधते — आणि एरंडोलच्या रस्त्याला लागायचं. परतताना जळालं तेवढं पेट्रोल भरायचं. बॉनेट गरम लागलं तर? मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय गार असतं?

काय ते दिवस होते. तिसऱ्यावरून चौथा गिअर पडला की मी एकटीच मोठ्याने गायचे. पद्मालयाच्या फाट्यावर थांबून उसाचा रस प्यायचा आणि वळायचं. लग्नानंतर इतकी खूश मी कधीच नव्हते. खोटं कशाला बोलू?

पण ऑइलला मीटर कळत नाही ना — ते आपलं काळं झालं. वहीप्रमाणे अजून हजार किलोमीटर बाकी होते. नानांनी ऑइल बघायची दांडी काढून ते बोटांवर चोळलं, वास घेतला आणि हमीदभाईंना बोलावून घेतलं.

"हाई तेल भेसळनं शे, हमीद."

"नाना, तुमनी गाडीले मी खोटं तेल टाकसू का?"

नानांनी दांडी पुसून परत आत घातली. हमीदभाईंनी फडक्याला हात पुसले आणि ते गेले. मी कुठे होते? तिथेच — दारात, तिघांचा चहा घेऊन. एक वाक्य पुरलं असतं. मी ट्रे घेऊन आत वळले.

त्याच दुपारी केबल घट्ट बसवली. भीतीने पुढे कित्येक महिने चोरून गाडी काढली नाही. त्यामुळे नवीन ऑइल वहीप्रमाणे टिकलं — आणि नानांची खात्रीच पटली. म्हणजे हमीदभाईंना खोटं ठरवलं ते दोनदा, आणि दोन्ही वेळा मीच.

आता मेकॅनिक नाही म्हटल्यावर नाना मला शिकवायला लागले. प्लग साफ करणं, कूलंट बघणं, कान लावून इंजिन ऐकणं. रविवारची सकाळ आम्हा दोघांची झाली, आणि अजून आहे. अकरा वर्षं झाली. मला ती सकाळ फार आवडते. नानांचे गुडघे दुखतात म्हणून हल्ली चालवतेही मीच. नाना शेजारी बसतात, वही मांडीवर.

आमचा रस्ता हमीदभाईंच्या गॅरेजवरून जातो. कुठल्यातरी रिक्षाखाली वाकलेले असले तरी इंजिनचा आवाज आला की ते ताठ उभे राहतात, कान देऊन ऐकतात. नाना समोर बघत राहतात. गाडी गेली की विचारतात, "उभा व्हता का?"

मी हो म्हणते, आणि गिअर बदलते.